वाचक विचारतात: पावसात गेलेल्या मॅचमधल्या धावांचं काय होतं?

प्रश्न : ताई, मुलगा 16 वर्षांचा आहे. तालुक्याच्या स्पर्धेत पहिल्या दोन मॅचमध्ये तो 20 आणि 31 वर बाद झाला. तिसऱ्या मॅचमध्ये 47 वर नाबाद खेळत होता, तेवढ्यात वळीव आला आणि खेळ थांबला तो थांबलाच. दुसऱ्या दिवशी तोच सामना पहिल्या चेंडूपासून पुन्हा खेळवला, त्यात तो 6 वर बाद झाला. आयोजक म्हणतात, आदली मॅच रद्द, म्हणजे त्या 47 धावाही रद्द. हे बरोबर आहे का?
(एक वाचक, कराड)

उत्तर : माझ्या मते नाही. सांगली-कोल्हापूरच्या मैदानांवर मी पंचवीस वर्षं स्कोअरबुक लिहिलं, आणि हा वाद मी दर पावसाळ्याच्या तोंडावर ऐकला. मॅचचा निकाल ही एक नोंद आणि खेळाडूची कामगिरी ही दुसरी. पावसाने निकाल धुतला जातो. टाकलेला चेंडू धुतला जात नाही.

तुमच्यासारखंच उदाहरण आहे 2002 च्या चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्याचं. कोलंबोत 29 सप्टेंबरला श्रीलंकेने 50 षटकांत 244 केल्या, भारताच्या 2 षटकांत बिनबाद 14 झाल्या आणि पाऊस आला. दुसऱ्या दिवशी सामना नव्याने सुरू केला. श्रीलंका 222, भारत 8.4 षटकांत 1 बाद 38, पुन्हा पाऊस. करंडक दोघांना वाटून दिला. पण रेकॉर्डमध्ये ते दोन स्वतंत्र एकदिवसीय सामने आहेत. पहिल्या दिवशीच्या जयसूर्याच्या 74 धावा त्याच्या खात्यात आहेत आणि दुसऱ्या दिवशीच्या जयवर्धनेच्या 77 त्याच्या. कुणाचं काही पुसलं नाही.

याउलट 2019 च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी आठवा. मँचेस्टरला न्यूझीलंड 46.1 षटकांत 5 बाद 211 वर असताना पाऊस आला. राखीव दिवशी खेळ 46.1 पासूनच पुढे सुरू झाला. रॉस टेलर रात्री 67 वर नाबाद होता, सकाळी 74 वर बाद झाला. डाव एकच, मॅचही एकच. म्हणजे पहिला प्रश्न असा विचारायचा, की दुसऱ्या दिवशी खेळ पुढे चालू केला की नव्याने मांडला? तुमच्याकडे नव्याने मांडला, तेव्हा दोन डाव धरायला हवेत.

आता हिशेब बघा. सरासरी काढताना एकूण धावांना डावांनी भागत नाहीत, कितीदा बाद झाला त्याने भागतात. 47 धरले तर 20, 31, 47 आणि 6 मिळून 104, बाद तीनदा, सरासरी 34.67. ते वगळले तर 57 भागिले 3, म्हणजे 19. निवड समितीसमोर 19 चा मुलगा आणि जवळजवळ 35 चा मुलगा यांत केवढा फरक पडतो, ते तुम्हाला सांगायला नको. स्पर्धेचे गुण कसे द्यायचे, मालिकावीर कुणाला निवडायचं, हा आयोजकांचा अधिकार. मुलाची नोंद मात्र पुसू नये.

गोलंदाजांचं तर याहून जास्त नुकसान होतं. षटक अर्धवट राहिलं की काही मुलं ते लिहीतच नाहीत. 2.4 षटकं म्हणजे 2 षटकं आणि 4 चेंडू, एकूण 16 चेंडू. ते तसेच लिहायचे. पुढच्या मॅचमध्ये 3.3 टाकली तर बेरीज 5.7 होत नाही, 16 आणि 21 मिळून 37 चेंडू, म्हणजे 6.1 होते. ही चूक मी मोठ्या स्पर्धांच्या वह्यांतही दुरुस्त केली आहे.

एक गोष्ट मनातून जात नाही. मी नवी असताना एका स्पर्धेत मॅटिंगवर एका डावखुऱ्या मुलाने 5 बळी घेतले, मग वादळ आलं. संयोजकांनी सांगितलं, मॅच रद्द, पान फाडा. मी फाडलं. महिन्याभराने तो मुलगा जिल्ह्याच्या चाचणीसाठी दाखला मागायला घरी आला. माझ्याकडे दाखवायला कागदच नव्हता. त्यानंतर मी एकही पान फाडलं नाही. मॅच कोणत्या चेंडूवर थांबली, किती वाजता, कशामुळे, एवढं खाली लिहायचं आणि दोन्ही स्कोअररनी सही करायची. तुम्हाला ते पान मिळालं तर आधी झेरॉक्स काढून ठेवा.

प्रश्न : आमचे आजोबा भाऊसाहेब निंबाळकरांच्या 443 धावांबद्दल नेहमी सांगत. पण प्रतिस्पर्धी संघ मैदानच सोडून गेला होता ना? मग त्या धावा धरल्या कशा?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : अगदी पूर्ण धरल्या, आणि धरायलाच हव्यात. डिसेंबर 1948, पुण्याचं मैदान, रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. महाराष्ट्राच्या 4 बाद 826 झाल्या होत्या. ब्रॅडमनच्या नाबाद 452 च्या विश्वविक्रमाला भाऊसाहेब 9 धावांनी कमी होते. काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी पुढे खेळायला नकार देऊन सामना सोडून दिला. निकाल महाराष्ट्राच्या बाजूने लागला आणि भाऊसाहेब नाबाद राहिले. भारतीय खेळाडूची प्रथम श्रेणीतली ही आजही सर्वोच्च खेळी. ते कसोटी एकदाही खेळले नाहीत, याची रुखरुख आपल्या कोल्हापूरला कायम राहणार.

अशा अडकलेल्या खेळी आणखी आहेत. 1969 मध्ये कराचीत दंगल होऊन कसोटी थांबली, तेव्हा इंग्लंडचा यष्टिरक्षक ॲलन नॉट 96 वर होता. त्याचं पहिलं कसोटी शतक त्यानंतर दोन वर्षांनी, ऑकलंडला झालं. 1975 मध्ये लीड्सला रात्रीत खेळपट्टी खणून तेल ओतलं, शेवटचा दिवस झालाच नाही आणि ऑस्ट्रेलियाचा रिक मॅकॉस्कर 95 वर राहिला. पुढच्याच कसोटीत ओव्हलला त्याने 127 काढल्या.

प्रश्न : खराब खेळपट्टीमुळे मॅच सोडून दिली तर? आणि नुसतीच नाणेफेक झाली असेल तर?
(एक वाचक, मिरज)

उत्तर : नियम तोच. 25 डिसेंबर 1997 ला इंदूरला श्रीलंका 3 षटकांत 1 बाद 17 असताना खेळपट्टी धोकादायक ठरली. ते 18 चेंडू रेकॉर्डमध्ये आहेत. त्यानंतर प्रेक्षकांसाठी 25 षटकांचा प्रदर्शनीय सामना खेळवला, तो मात्र रेकॉर्डमध्ये नाही, कारण तो अधिकृत नव्हता.

आंतरराष्ट्रीय सामन्यात नाणेफेक झाली आणि मग एकही चेंडू पडला नाही, तर आता दोन्ही संघांतल्या अकराही खेळाडूंच्या नावावर सामना लागतो, डाव लागत नाही. पूर्वी तसं नव्हतं. 1970-71 च्या ऑस्ट्रेलिया-इंग्लंड मेलबर्न कसोटीत नाणेफेक झाली, खेळ पावसात गेला आणि ती कसोटी धरलीच नाही. तिच्या जागी 5 जानेवारी 1971 ला दोन्ही संघांत एक दिवसाची मॅच झाली. पहिला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना तोच.