उधारीची वही आणि दिलेला शब्द

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पेरणीच्या वेळी तुझ्या दुकानातून बियाणे आणि खत उधारीवर नेलेल्या ज्या शेतकऱ्याने ‘सोयाबीन अजून घरातच पडून आहे’ असे तुला सांगितले, त्याने तो माल आठवड्यापूर्वीच शेजारच्या तालुक्याच्या बाजार समितीत विकून पट्टीचे पैसेही उचलले होते, हे कळल्यावर तुला किती लागले असेल ते मी समजू शकतो. आता तू ‘उधारी बंद’ची पाटी रंगवायला दिली आहेस आणि जुन्या देणेकऱ्यांकडून दंडाच्या अटीचा कागद लिहून घेणार आहेस. ती पाटी लागण्यापूर्वी माझे थोडे ऐकून घ्यावेस, म्हणून हे पत्र.

अर्थशास्त्र शिकवताना मी १९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला बर्ग, डिकहॉट आणि मॅकेब यांचा प्रयोग नेहमी सांगत असे. एका खोलीतल्या माणसाने आपल्या १० डॉलरपैकी हवे तेवढे दुसऱ्या खोलीतल्या अनोळखी माणसाला पाठवायचे; वाटेत ती रक्कम तिप्पट होणार; परत किती द्यायचे, की काहीच द्यायचे नाही, हे घेणाऱ्याच्या मर्जीवर. कोणी कोणाला ओळखत नव्हते, पुन्हा भेटण्याची शक्यता नव्हती. तरीही ३२ पैकी ३० जणांनी काही ना काही पाठवले आणि पुष्कळांना परतही मिळाले. सगळ्यांचा हिशेब केला तर सरासरीने परत आलेले पैसे पाठवलेल्यांपेक्षा थोडे कमीच भरले, हेही तुला सांगितले पाहिजे.

तुझ्या प्रश्नाच्या अधिक जवळ जाणारा प्रयोग उरी ग्नीझी यांचा, २००५ सालचा. त्यात दोघांत पैसे वाटण्याचे दोन पर्याय असत आणि निवड दुसऱ्याने करायची; पण कोणत्या पर्यायात कोणाला किती, हे फक्त पहिल्याला माहीत असे, आणि त्याने दुसऱ्याला खोटा निरोप पाठवला की त्याचा स्वतःचा फायदा होई. खोट्याने १ डॉलर मिळणार आणि समोरच्याचा १ डॉलर जाणार, तेव्हा ३६ टक्के लोक खोटे बोलले. फायदा तोच १ डॉलर, पण समोरच्याचे १० डॉलर जाणार असे दिसताच हे प्रमाण १७ टक्क्यांवर आले. आणि स्वतःलाच १० डॉलर मिळणार असतील तेव्हा ते ५२ टक्क्यांवर गेले. माणूस आपला फायदा तर मोजतोच, पण समोरच्याचे नुकसानही मोजतो. मात्र ते त्याला दिसले पाहिजे. तुझ्या शेतकऱ्याच्या नजरेतून पाहा: भरलेले दुकान, मागे रचलेल्या खताच्या गोण्या आणि गल्ल्यावर बसलेला तू. त्याच्याकडे तुझे २२ हजार अडकले तर तुझे काय अडते, हे त्याला कधी कोणी सांगितले होते का?

आमच्या किराणा दुकानात वडील उधारी लिहिली की वही फिरवून गिऱ्हाइकासमोर धरत, त्यालाच आकडा मोठ्याने वाचायला लावत, आणि मग घाऊक व्यापाऱ्याचे बिल दाखवून म्हणत, ‘हे दिवाळीच्या आत भरायचे आहे, तुमच्या पैशांवर आहे.’ गिऱ्हाईक क्षणभर त्या बिलाकडे पाही आणि मग स्वतःच्या तोंडाने तारीख सांगे. ती तारीख वडील त्याच्याच शब्दांत वहीत उतरवून घेत. लहानपणी मला हा सोपस्कार वाटे. स्वतःच्या तोंडून गेलेला शब्द मोडणे माणसाला किती जड जाते, हे मला फार उशिरा उमगले.

दंडाच्या कागदाची मात्र मला खरी काळजी वाटते. फेर आणि रॉकेनबाख यांनी २००३ साली त्या पहिल्या प्रयोगासारख्याच खेळात पैसे पाठवणाऱ्याला दंडाची धमकी देण्याची सोय दिली, तेव्हा धमकी देणाऱ्यांना कमी परत मिळाले, आणि दंड हाताशी असूनही तो न लावणाऱ्यांना सर्वांत जास्त. कागद हाती पडताच सरळ माणसालाही वाटते की आपल्याला आधीच लबाड ठरवले आहे. मग दंडाची रक्कम ही उशिराची किंमत होते आणि ती भरली की मनाला टोचणी राहत नाही. लेखी हिशेब जरूर ठेव, पावतीवर सही घे. हिशेब चोख असला म्हणून कोणाचा अपमान होत नाही.

आणखी एक. पावसाने शेंगा कुजल्या किंवा भाव पडला म्हणून जो देऊ शकत नाही, तो बुडालेला आहे, बुडवणारा नाही. त्याला हप्ते बांधून दे आणि पुढच्या हंगामालाही माल दे. खोटे बोललेल्याला मात्र पुढचा माल रोखीनेच.

येत्या रविवारी त्या शेतकऱ्याच्या घरी जा. वही आणि कंपनीचे थकलेले बिल, दोन्ही बरोबर ने. चारचौघांत विषय काढू नकोस. चहा झाल्यावर बिल त्याच्या हातात दे आणि तारीख त्यालाच सांगू दे. तोवर पाटी रंगाऱ्याकडेच राहू दे, आणि तो काय म्हणाला ते मला कळव.

तुझा,
काका