अमेरिकेतल्या लहान गावाच्या मधोमध 'काउंटी कोर्टहाऊस' असतं, ते फक्त न्यायालय असतं का? आणि टेनेसी राज्यातल्या डेटनच्या कोर्टहाऊसचं एवढं नाव का?

फक्त न्यायालय नसतं. तहसील कचेरी, दुय्यम निबंधकाचं कार्यालय आणि दिवाणी-फौजदारी कोर्ट एकाच छपराखाली आणलं की काय होईल, तसं साधारण समजा. जमिनीचे दस्त, लग्नाचे परवाने, कराचा भरणा, खटले, सगळं तिथेच. म्हणून काउंटीचं (आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचं) ठाणं, म्हणजे मुख्यालय, ज्या गावाला मिळतं, त्याची बाजारपेठही वाढते.

डेटनचं नाव झालं ते 1925 मध्ये उत्क्रांती शिकवल्याबद्दल तिथे चाललेल्या खटल्यामुळे. डेटन हे ऱ्हे काउंटीचं ठाणं. तिचं जुनं ठाणं वॉशिंग्टन नावाचं खेडं, टेनेसी नदीजवळचं. पुढे रेल्वे डेटनवरून गेली, तिथे कोळसा आणि लोखंडाचा धंदा उभा राहिला, आणि 1890 च्या आसपास ठाणंही तिकडे हललं. विटांची, घड्याळाच्या मनोऱ्याची इमारत 1891 ची. मोठी कोर्टरूम तिथल्या हिशेबाने 'सेकंड फ्लोअर'वर, म्हणजे आपल्या पहिल्या मजल्यावर. हा मजला पुढे महत्त्वाचा ठरतो.

1925 पर्यंत कोळसा-लोखंडाचा जोर ओसरला होता आणि गावाची वस्ती दोनेक हजारांच्या आत होती. त्या मार्चमध्ये राज्याने बटलर कायदा केला. माणूस खालच्या प्राण्यांपासून उत्क्रांत झाला असं सरकारी शाळेत शिकवणं गुन्हा ठरलं, दंड 100 ते 500 डॉलर. या कायद्याला आव्हान द्यायला तयार असलेला शिक्षक हवा, अशी जाहिरात एका नागरी हक्क संघटनेने दिली. मे महिन्यात रॉबिन्सनच्या औषधाच्या दुकानात बसून गावातल्या काही मंडळींनी जॉन स्कोप्स या 24 वर्षांच्या शिक्षकाला आरोपी व्हायला राजी केलं. गावाचं नाव व्हावं हा हेतू उघड होता. माझ्या मते या खटल्याची सुरुवात तत्त्वज्ञानापेक्षा बाजारपेठेच्या चिंतेतून झाली, आणि शाळेची पुस्तकंही त्याच दुकानात विकली जात, ही गंमत वेगळीच.

खटला 10 ते 21 जुलै चालला. आधीच्या आरोपपत्रात खोट निघू नये म्हणून पहिल्याच दिवशी नव्याने ग्रँड ज्युरी (आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणारं नागरिकांचं मंडळ) बसवून ते पुन्हा काढलं. शिकागोच्या डब्ल्यूजीएन रेडिओने कोर्टरूममध्ये मायक्रोफोन लावून थेट प्रक्षेपण केलं. गर्दी आणि उकाडा इतका की मजला भार पेलेल की नाही याची धास्ती वाटू लागली. 20 तारखेला न्यायाधीश रॉल्स्टन यांनी कामकाज बाहेरच्या हिरवळीवर नेलं. बचावाचे वकील क्लॅरन्स डॅरो यांनी सरकारपक्षाच्या विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांची बायबलवर जी प्रसिद्ध उलटतपासणी घेतली, ती इथे, झाडांखाली. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी ती साक्ष नोंदीतून काढून टाकली.

अपिलाची वाट मोकळी व्हावी म्हणून डॅरोंनी ज्युरीला दोषी ठरवायलाच सांगितलं. ज्युरीला नऊ मिनिटं लागली. घोळ झाला तो दंडात. टेनेसीच्या राज्यघटनेप्रमाणे 50 डॉलरच्या वरचा दंड ज्युरीनेच ठरवायचा असतो. इथे किमान दंडच 100 डॉलर होता आणि तो ठोठावला न्यायाधीशांनी, दारूच्या खटल्यांतल्या स्थानिक रिवाजाप्रमाणे. जानेवारी 1927 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, पण याच तांत्रिक चुकीवर शिक्षा रद्द केली आणि खटला पुढे न चालवण्याची सूचना केली. त्यामुळे वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात (देशाच्या राजधानीतल्या, त्या खेड्यातल्या नव्हे) जायला काही उरलंच नाही. कायदा 1967 पर्यंत टिकला.

ब्रायन खटल्यानंतर पाच दिवसांनी, 26 जुलैला, डेटनमध्येच वारले. 1930 मध्ये त्यांच्या नावाचं ख्रिस्ती कॉलेज गावात निघालं, ते आजही चालू आहे. कोर्टहाऊस 1976 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू ठरलं. तळघरात खटल्याचं संग्रहालय आहे आणि जुलैमध्ये गेलात तर खटल्यावरचं नाटक मूळ कोर्टरूममध्येच बघायला मिळतं. हिरवळीवर ब्रायन यांचा पुतळा 2005 मध्ये बसला. डॅरोंना मात्र 2017 पर्यंत थांबावं लागलं.