डॅलसला येऊन मुलांसाठी काम करायचंय म्हणतेस, तर…

तुझा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला पाच वर्षं बालगृहातल्या मुलांसाठी काम केलंस, त्यांना घेऊन बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांचं काय करायचं ते ठरवणाऱ्या सरकारी समितीपुढे, किती वेळा उभी राहिलीस याची मोजदाद नाही, समाजकार्यातली मास्टर्स, एमएसडब्ल्यू आहेस, आणि आता नवऱ्याच्या एच-वन या नोकरीच्या व्हिसामागे एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर सप्टेंबरात टेक्ससमध्ये डॅलसजवळ येतेयस. हेच काम तिथे करता येईल का, इंग्रजीचं काय, आणि 'घरी बसून वेड लागेल' त्यावर उपाय काय.

मी इथे एकोणीस वर्षं आहे. त्यातली शेवटची सात वर्षं 'कासा'ची स्वयंसेवक म्हणून कोर्टात जाते. कासा म्हणजे आई-बापाकडून काढून घेतलेल्या एखाद्या मुलासाठी कोर्टाने नेमलेला साधा नागरिक. इंग्रजी आद्याक्षरांचा शब्द आहे, पण टेक्ससमधल्या स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना तो 'घर' असाच ऐकू येतो. पहिल्या भेटीत एका पोराने मला विचारलं होतं, तू घर आहेस का?

आधी पगाराचं बोलते, म्हणजे तो विषय संपेल. एच-फोरवर पगारी नोकरी करता येत नाही. नवऱ्याच्या ग्रीन कार्डासाठी कंपनीने भरलेला आय-१४० हा अर्ज मंजूर झाला, की तुला ईएडी, म्हणजे नोकरी करण्याचं परवानगी-कार्ड, मागता येतं. २०१५ पासून ही सोय आहे, पण त्याला वर्षं लागू शकतात. तोवर स्वयंसेवा करता येते, अट एवढीच की ते काम मुळात कुणाला पैसे देऊन करून घेतलं जात नसावं. कासाचं काम असंच आहे. तरी इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचार. दुसरी गोष्ट, कासावाले पोलीस-पडताळणी करतात आणि त्या अर्जात बहुधा सोशल सिक्युरिटी नंबर मागतात. ईएडी नसलेल्या एच-फोरला तो सहसा मिळत नाही. म्हणून फोन केलास की सगळ्यात आधी हेच विचार, तीस तासांचं प्रशिक्षण झाल्यावर नको.

पुढे सोशल वर्कर म्हणून लायसन्स हवं असेल तर तुझी पदवी 'कौन्सिल ऑन सोशल वर्क एज्युकेशन'कडून तपासून घ्यावी लागेल आणि मग परीक्षा. सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका आणि फील्डवर्कचे तास लिहिलेलं कॉलेजचं पत्र नाशिकला असतानाच मिळव. इथून फोन करून कॉलेजच्या क्लार्ककडून पत्र काढून घेणं म्हणजे काय, ते तुला मी सांगायला नको.

आता मुख्य काम. १९७६ साली सिअ‍ॅटलमध्ये डेव्हिड सूकप नावाचे एक जज होते. आई-बापाकडून काढून घेतलेलं मूल कुठे राहील, परत जाईल की नाही, हे ते ठरवायचे. पण मुलाबद्दल त्यांच्या हातात काय, तर सरकारी खात्याचा कागद आणि दोन वकिलांची भांडणं. मुलाला जाऊन भेटलेलं, फक्त मुलाचंच बघणारं कुणीच नाही. हे काम फुकट कराल का, असं विचारायला त्यांनी गावातल्या लोकांना दुपारच्या जेवणाच्या वेळेत बोलावलं, तर पन्नास माणसं आली. १९७७ मध्ये काम सुरू झालं आणि आज देशात साडेनऊशेच्या आसपास कार्यक्रम आहेत. १९७४ च्या केंद्रीय कायद्यातच म्हटलं होतं, की अशा प्रत्येक केसमध्ये मुलासाठी कुणीतरी नेमलेलं असावं. माणसं कुठून आणायची, एवढंच सूकपनी शोधलं.

तुझ्या समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य, टेबलाच्या एका बाजूला बसलेले. चौकशीला चार महिने. मूल बालगृहात. इथे समिती नाही, जज एकटा. मूल नातेवाइकांकडे, नाहीतर अनोळखी कुटुंबात, ज्याला फॉस्टर होम म्हणतात. टेक्ससमध्ये घड्याळ कडक आहे: चौदाव्या दिवसाच्या आत पहिली मोठी हिअरिंग, साठ दिवसांत दुसरी, एकशेऐंशीच्या आत तिसरी, मग दर एकशेवीस दिवसांत एक. आणि वर्ष भरल्यानंतरच्या पहिल्या सोमवारपर्यंत खटला उभा राहिला नाही, तर केसच आपोआप रद्द होते. फार तर एकदा एकशेऐंशी दिवस वाढवून मिळतात. हे सगळं पाठ करू नकोस. ही मुदत पडद्यामागे सतत टिकटिकत असते, हे लक्षात ठेव. आई व्यसनातून बाहेर यायला किती वेळ घेईल ते या घड्याळाला कळत नाही.

मुलाचा वकील वेगळा असतो. मुलाला काय हवंय ते तो सांगतो. आपण सांगतो ते मुलाच्या हिताचं काय आहे. बहुतेक वेळा दोन्ही एकच निघतं. पण एकदा बारा वर्षांची मुलगी म्हणत होती मला आईकडे जायचंय, आणि माझ्या अहवालात होतं की आत्ता नको. तिला मी आदल्या शनिवारीच जाऊन सांगितलं, सोमवारी मी काय बोलणार आहे ते. ती माझ्याशी दोन महिने बोलली नाही. पण कोर्टात पहिल्यांदा ऐकून तिच्या तोंडावर जे उमटलं असतं, ते तरी टळलं.

माझा पहिला अहवाल मी रात्री दोनपर्यंत जागून लिहिला होता. 'घर अस्वच्छ, स्वयंपाकघर अव्यवस्थित, आईचं लक्ष नाही.' सुपरवायझरने तिन्ही शब्दांखाली रेघ मारली आणि विचारलं, तू पाहिलंस काय? सिंकमध्ये किती भांडी होती? फ्रिज उघडून बघितलास का? फ्रिजमध्ये दूध, अंडी, शिजवलेला भात, सगळं होतं. भांडी होती, कारण आई रात्रपाळी करून सकाळी सातला आली होती. मी तिथे माझ्या सासूच्या नजरेने उभी होते, बाकी काही नाही. तुझ्याकडे पाच वर्षांचा अनुभव आहे म्हणून ही चूक तू करणार नाहीस असं धरून चालू नकोस. अनुभवी माणूस विशेषणं जास्त ठामपणे लिहितो.

दुर्लक्ष हा शब्द इथे फार ताणला जायचा. अमेरिकेत ज्या मुलांच्या बाबतीत सरकारी यंत्रणेला गैरवागणूक आढळते, त्यातल्या दर चारांपैकी जवळजवळ तिघांच्या फाइलवर 'दुर्लक्ष' असतं. २०२१ साली टेक्ससने व्याख्या आवळली. आता उघड बेफिकिरी आणि तातडीचा धोका दाखवावा लागतो. गरिबी आणि दुर्लक्ष यांतला फरक तुला नाशिकच्या झोपडपट्टीत दिसलेला आहे. तो इथे विसरू नकोस. इथली गरिबी गाडीतून फिरते, म्हणून आपल्याला पटकन ओळखू येत नाही.

प्रत्यक्षात काम कसं होतं ते एका दाताच्या गोष्टीवरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. सात वर्षांचा मुलगा, तिसरं फॉस्टर होम. फाइलमध्ये लिहिलं होतं, 'जेवताना हट्टी, भाज्या फेकतो, वागणुकीची समस्या.' मी मुद्दाम रात्रीच्या जेवणाच्या वेळेला गेले. तो घास एकाच गालात चावत होता. गाजर आलं की उजवीकडून डावीकडे जिभेने ढकलायचा आणि मग थुंकायचा. मी विचारलं, दुखतं का? त्याने मान हलवली, नाही म्हणून. मग पत्ते काढले. भिकार-सावकार मी आतापर्यंत निदान दहा मुलांना शिकवलाय. त्याला भाषा लागत नाही आणि हात चालू असले की मुलं बोलतात. चौथ्या डावाला त्याने तोंड उघडून दाखवलं. मागची दाढ काळी पडली होती. डेंटिस्टकडे का नेलं नाही? तर उपचारांना संमती कोण देणार त्याचं नाव कागदावर ठरलेलं असतं, आणि त्या कागदावर अजून आधीच्या घरातल्या बाईंचं नाव होतं. केसवर्कर, म्हणजे केस सांभाळणारी खात्याची बाई, बदलली होती, नवीनला ठाऊक नव्हतं. अहवालात मी एकच वाक्य लिहिलं: 'उजवी मागची दाढ किडलेली दिसते, संमतीपत्रावर जुनं नाव आहे, अकरा आठवडे झाले.' जजने ते वाचलं, चष्म्यावरून खात्याच्या वकिलाकडे पाहिलं आणि विचारलं, गुरुवारपर्यंत होईल? गुरुवारी झालं. पुढच्या महिन्यात गेले तर तो सफरचंद खात होता, बियांसकट.

या कामात फार मोठं असं काही घडत नाही, हे आधीच सांगते. आपण मुलांना वाचवत नाही. आपण महिन्याला जातो, बघतो, लिहून देतो. माझ्या एका केसमध्ये चौदा महिन्यांत चार केसवर्कर बदलल्या, मुलाची शाळा दोनदा बदलली, घर तीनदा. शेवटी कोर्टात 'गेल्या जूनमध्ये काय ठरलं होतं' हे आठवणारी खोलीत मी एकटीच होते. तेवढ्यासाठी जायचं.

तुला खटकेल असंही एक सांगते. सुरुवातीला ध्येय असतं मूल घरी परत पाठवणं. आईला यादी मिळते: व्यसनमुक्ती, लघवीची तपासणी, पालकत्वाचे वर्ग, राहायला जागा, नोकरी. मला एका आईबद्दल अजिबात भरवसा नव्हता आणि मी तसं वागायचे सुद्धा, गोड बोलून. तिने यादीतलं सगळं केलं. मुलं आधी देखरेखीखाली तिच्याकडे गेली, मग केस बंद झाली. माझी चूक होती. उलटही होतं. १९९७ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे मूल बावीसपैकी पंधरा महिने फॉस्टर केअरमध्ये राहिलं, की सरकारला, काही अपवाद सोडून, आई-बापाचे हक्क कायमचे काढून घेण्याचा अर्ज करावा लागतो. तो निकाल ऐकताना मी आतापर्यंत दोनदा बसलेय. आईच्या हातात तेव्हा काहीतरी असतं, पर्स, गाडीची किल्ली, आणि ती तेच बघत राहते.

इंग्रजीची काळजी सोड. मुलांना उच्चारांशी देणंघेणं नसतं. स्पॅनिश थोडी शिक, मराठीपेक्षा तीच कामाला येईल. साक्षीसाठी मात्र तयारी कर. मी पहिल्यांदा साक्षीला बसले तेव्हा वकिलाच्या प्रश्नाला आपली ती मान डोलावली, 'हो, म्हणजे तसं बघितलं तर' वाली. टंकलेखिका थांबली. जज म्हणाले, मॅडम, मोठ्याने सांगा, ही मान कागदावर उतरत नाही. विचारलं तेवढंच उत्तर द्यायचं. आपल्याला पूर्वपीठिका सांगायची सवय असते, ती बाहेर ठेवून यायची.

आणखी एक सवय मोडावी लागेल. लहान मूल असलेल्या घरी आपण हात हलवत जात नाही. इथे भेटवस्तूंवर मर्यादा आहेत आणि खाऊ विचारल्याशिवाय द्यायचा नाही. पहिल्या भेटीला मी बेसनाचे लाडू नेले होते, ते घरी परत आणून आम्हीच खाल्ले.

तू लिहिलंस की आई म्हणते, 'तिकडे मुलं काढून घेतात, तू त्यांच्यातच जाऊन बसणार?' नॉर्वे आणि जर्मनीतल्या भारतीय कुटुंबांच्या बातम्या आपल्याकडे सगळ्यांनी वाचल्यात, म्हणून ती भीती मी हसण्यावारी नेत नाही. यंत्रणा चुकते, कधी फार वाईट चुकते. पण मंडळाच्या गणपतीत शेजारी बसलेली बाई 'आमच्या ह्यांना राग आवरत नाही, पोराला जरा लागलं' म्हणते आणि सगळ्या जणी विषय मोदकांवर नेतात, तेही मी पाहिलंय. टेक्ससमध्ये मुलावर अत्याचार होतोय असं वाटण्यासारखं कारण असेल, तर कळवणं हे प्रत्येकावर कायद्याने बंधन आहे, फक्त डॉक्टर-शिक्षकांवर नाही. कळवणाऱ्याचं नाव गुप्त राहतं. कासा असशील किंवा नसशील, हे तुला इथे उतरल्या दिवसापासून लागू आहे. ओळखीच्या कुटुंबाची केस मात्र कधीच घ्यायची नाही.

गाडी हवीच. आल्याबरोबर लायसन्स काढ. माझ्या वाट्याला आलेला एक मुलगा सॅन अँटोनिओजवळ ठेवला होता, एका बाजूला साडेचार तास. मुलाला आपल्या गाडीत घ्यायला आमच्या संस्थेत मनाई आहे, जेमतेम तासभर भेटायचं आणि परत फिरायचं. महिन्याला दहा-पंधरा तास धर, हिअरिंगच्या आठवड्यात जास्त. एका वेळी एकच केस घे. पहिलं वर्ष दोन घेईन म्हणशील, घेऊ नकोस.

निघायला तुला अजून दहा आठवडे आहेत. तुझ्याकडच्या ज्या मुली 'ताई, ताई' करत येतात, त्यांना तू जाणार हे अजून सांगितलेलं नाहीस असं तुझ्या लिहिण्यावरून वाटतं. आत्ताच सांग, एकेकीला, स्वतः जाऊन. तुझ्या जागी कोण येणार तिला सोबत ने, दोन-तीनदा तरी. तारीख सांग, भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करू दे. शेवटच्या दिवशी रडतील म्हणून टाळू नकोस.