क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये मुंबईच्या प्रभागांचा लेयर (नकाशाचा थर) क्लिप करताना, म्हणजे हव्या त्या हद्दीपुरता कापताना, 'इनव्हॅलिड जॉमेट्री' (अवैध आकृती) अशी चूक येते. ती कशी दुरुस्त करायची?

प्रोसेसिंग टूलबॉक्समधलं 'फिक्स जॉमेट्रीज' चालवा आणि त्यातून तयार होणारा नवा लेयर क्लिपसाठी वापरा. मूळ फाइल तशीच राहते. बहुभुजाची कडा स्वतःलाच छेदते तेव्हा ही चूक हमखास येते. मिठी नदीसारखा वळणावळणाचा काठ हाताने डिजिटाइझ करताना, म्हणजे बिंदू-बिंदू टाकून नकाशावर रेखाटताना, एखादा बिंदू मागेपुढे पडला, की इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गाठ बसते आणि आतली बाजू कुठली हे सॉफ्टवेअरला ठरवता येत नाही. आधी 'चेक व्हॅलिडिटी' चालवलंत तर गाठीची नेमकी जागा बिंदूने दिसते. ती डोळ्यांनी पाहाच, आपोआप झालेल्या दुरुस्तीवर आंधळा विश्वास नको. पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमध्ये हेच काम 'एसटी_मेकव्हॅलिड' करतं. शून्य अंतराचा बफर (आकृतीभोवती ठरावीक अंतरावर काढलेली नवी कडा) हा जुना उपाय मात्र कृपया टाळा: गाठ पडलेल्या बहुभुजाचा अख्खा तुकडा त्यात गायब होऊ शकतो आणि कुठलीही सूचना येत नाही.

शेजारच्या दोन प्रभागांमधल्या फटी किंवा एकमेकांवर चढलेल्या कडा यातून सुटणार नाहीत, कारण तिथे प्रत्येक आकृती एकेकटी वैधच असते. त्या शोधण्यासाठी 'टोपॉलॉजी चेकर' वापरा.