उताणं झोपणाऱ्यांची गादी

प्रश्न : ताई, नमस्कार. मी ६१ वर्षांचा, बँकेतून निवृत्त, राहणार कोथरूड. वजन ८४ किलो. पहिल्यापासून उताणाच झोपतो. आमची काथ्याची गादी बरीच जुनी झाली आहे. सकाळी उठताना कंबर धरलेली असते, चहा-आंघोळ झाली की मोकळी होते. मेहुणे म्हणतात, जमिनीवर सतरंजी टाकून झोपा. दुकानदार म्हणतो, 'ऑर्थोपेडिक' घ्या, जितकी कडक तितकी चांगली. मुलगा हिंजवडीत आहे, तो ऑनलाइन मेमरी फोमची मागवतो म्हणतोय. सौ. कुशीवर झोपते, तिला कडक गादी सोसत नाही. कोणाचं ऐकू?

उत्तर : सौ.चं. बाकीच्यांचं थोडं थोडं.

कंबर सकाळीच धरते आणि हालचाल सुरू झाली की सुटते, म्हणजे गादीवर संशय घ्यायला जागा आहे. परगावी दुसऱ्या गादीवर झोपलात की काय होतं ते आठवून बघा. तिथेही तसंच होत असेल तर नव्या गादीत पैसे घालण्याआधी कंबर तपासून घ्या. पायात मुंग्या येणं, पायातला जोर कमी होणं, दुखण्याने मध्यरात्री जाग येणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, यांतलं काहीही असेल तर हे सदर मिटून डॉक्टरकडे जा. शेवटच्या लक्षणाला तर त्याच दिवशी.

आता तुमची जुनी गादी. चादर काढा आणि उशाकडून पायथ्यापर्यंत एक सुतळी ताणून धरा. मधे, जिथे तुमचं बूड टेकतं तिथे, सुतळी आणि गादी यांत इंचभराहून जास्त फट दिसली की गादीचं आयुष्य संपलं. ८४ किलोखाली एवढी वर्षं दबल्यावर काथ्याकडून आणखी अपेक्षा करू नये.

उताणं झोपल्यावर शरीर मुख्यतः डोकं, पाठीचा वरचा भाग आणि नितंब यांवर टेकतं. कंबरेला नैसर्गिक खळगा असतो. त्यात नितंबांचा भाग सगळ्यात जड. गादी मऊ असली तर तो खाली जातो आणि माणूस झोळीत टाकल्यासारखा वाकतो. फार कडक असली तर नितंब वरच राहतात आणि कंबर अधांतरी. मग तिथले स्नायू रात्रभर काम करतात. मेहुण्यांची सतरंजी नेमकं हेच करणार. शिवाय एकसष्टीला रोज जमिनीवरून उठायचं म्हणजे गुडघ्यांना कामाला लावणं.

'कडक ती चांगली' हे आपल्याकडे इतकं मुरलंय की माझ्याकडे व्यायामाला येणारे निम्मे लोक पलंगावर फळी टाकून आलेले असतात. यावर स्पेनमध्ये नीट प्रयोग झाला आहे, २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ जणांपैकी काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम. कोणाला कुठली मिळाली ते सांगितलं नाही. ९० दिवसांनी मध्यमवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं होतं. त्यांच्या मापात १ म्हणजे सगळ्यात कडक आणि १० म्हणजे सगळ्यात मऊ. बरी ठरलेली गादी ५.६ वर होती, म्हणजे जवळजवळ मधोमध. 'ऑर्थोपेडिक' शब्दाबद्दल एवढंच सांगते की तो कव्हरवर शिवायला कुठल्याही हाडांच्या डॉक्टरची सही लागत नाही.

दुकानात जाताना सैल पायजमा घाला, सौ.ना आणि घरची उशी बरोबर घ्या. विक्रेता गादीवर मूठ दाबून दाखवेल, तिकडे लक्ष देऊ नका, तुम्ही मुठीवर झोपत नाही. सरळ आडवे व्हा आणि दहा-पंधरा मिनिटं तसेच पडून राहा. लोक बघतील, बघू द्यात. मग सौ.ना तळहात तुमच्या कंबरेखाली सरकवायला सांगा. हात आरपार जाऊन वर पोकळी उरली तर गादी कडक. हात शिरेचना तर मऊ. थोडा घासत, कापडाला लागून गेला तर ती तुमची. कूसही बदलून बघा, त्यासाठी झटापट करावी लागू नये.

मालाबद्दल थोडक्यात. काथ्याला रबर लावून केलेली गादी हवेशीर आणि स्वस्त, पण कडक, आणि शेवटी खड्डा ठरलेला. फोमवाला 'चाळीस डेन्सिटी' म्हणतो तो आकडा घनमीटरला किती किलो, याचा आहे. त्यावरून गादी किती टिकेल याचा अंदाज येतो, कडकपणा कळत नाही. तुमच्या वजनाला मी ३२ च्या खालचा फोम घेऊ देणार नाही. स्प्रिंगची घ्यायची तर पॉकेट स्प्रिंग, म्हणजे प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या पिशवीत. एकमेकींना जोडलेल्या स्प्रिंगांवर तुम्ही पाणी प्यायला उठलात की सौ.ही उठणार. लेटेक्स, म्हणजे रबराच्या चिकाचा फोम, उत्तम, पण महाग, आणि चादर बदलताना उचलायला जड.

मुलाचा मेमरी फोम अमेरिकेच्या 'नासा'साठी १९६६ साली विमानाच्या आसनांकरता शोधला गेला. तो उष्णतेने मऊ पडतो आणि थंडीत घट्ट होतो. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत त्यात रुतायला होतं, वर गरमही होतं. जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की तोच फोम पहिली काही मिनिटं ताठ लागतो. अख्खी गादी त्याची नको. खाली घट्ट फोम आणि वर दोनेक इंचांचा मेमरी थर असेल तर हरकत नाही. ऑनलाइनच मागवायची तर १०० रात्री वापरून परत करायची सोय देणाऱ्या कंपन्या आहेत. मात्र परत न्यायला माणूस कोण पाठवणार आणि खर्च कोणाचा, हे आधी लेखी घ्या.

आणि सौ.चं काय? कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि खुबा थोडा आत जावा लागतो, त्यामुळे त्यांची तक्रार खरी आहे. एकाच गादीत दोघांना कोंबू नका. ३६ इंची दोन वेगळ्या गाद्या घ्या, तुमची मध्यम, त्यांची जरा मऊ, उंची मात्र सारखी. वर एकच मोठी चादर. पलंग सुताराकडून करून घेतलेला असेल तर आतून मोजूनच ऑर्डर द्या, तशा पलंगांची मापं सहसा दुकानातल्या गादीशी जुळत नाहीत.

उशीबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण दोन घेत असाल तर आजपासून एक काढा. उताण्या माणसाची हनुवटी छातीकडे झुकता कामा नये. काढलेली उशी गुडघ्यांखाली ठेवा, नाहीतर सोलापुरी चादरीची गुंडाळी. कंबरेचा ताण लगेच उतरतो आणि खर्च शून्य. उताणं झोपल्यावर घोरणं वाढतं, हेही लक्षात असू द्या. घोरता घोरता तुमचा श्वास मधेच थांबतो असं सौ. म्हणत असतील तर तो विषय गादीवाल्याचा नाही.

प्रश्न : आईचं वय ७८, आम्ही नारायण पेठेत राहतो. ती कापसाची गादी सोडायला तयार नाही. आम्ही तिच्या दिवाणासाठी दहा इंची फोमची गादी बघून आलोय. तिला कसं पटवावं?

उत्तर : पटवू नका. दिवाणावर दहा इंची गादी टाकलीत की त्यांचे पाय लोंबकळतील आणि रात्री बाथरूमला उठताना तोल जाईल. काठावर बसल्यावर दोन्ही पावलं जमिनीला पूर्ण टेकली पाहिजेत. या वयात मी सगळ्यात आधी ते बघते. कापसाच्या गुठळ्या झाल्या असतील तर पावसाळ्याआधी गादी पिंजून घ्या आणि कडक उन्हात गच्चीवर टाका. हाडांना टोचत असेल तर तिच्यावर दोन इंची फोमचा थर घाला. दिवाण बॉक्सचा असेल तर प्लायला चार-सहा भोकं पाडून घ्या, नाहीतर श्रावणापर्यंत गादीच्या पोटाला बुरशी धरते.

प्रश्न : सुनेला सातवा महिना संपत आलाय. तिला उताणंच झोपायची सवय आहे. कोणती गादी घ्यावी?

उत्तर : गादी बाळंतपणानंतर घ्या. २८ आठवड्यांनंतर उताणं झोपू नये, गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतो. झोपताना कुशीवर झोपायचं, डावी किंवा उजवी. मधेच जाग आली आणि उताणी आढळली तर घाबरायचं नाही, कूस बदलायची. पाठीशी एक लोड लावून द्या, म्हणजे झोपेत उताणी वळणार नाही. दोन हजारांची खास उशी मागवायची गरज नाही.