गोगोलपासून सुरुवात कर

रशियन विनोदी साहित्य वाचायचं म्हणतोस, तर जाडजूड कादंबरीला इतक्यात हात घालू नकोस. आधी गोगोलची ‘नाक’ घे, १८३६ साली छापून आलेली कथा. न्हाव्याला सकाळी पावात नाक सापडतं आणि तेच नाक पुढे गणवेश चढवून बग्गीतून पीटर्सबर्गभर हिंडतं. हे कसं शक्य आहे, यात डोकं शिणवू नकोस, हुद्दे बघ. तेव्हा रशियात सरकारी नोकरांच्या १४ श्रेणी होत्या. नाकाचा मालक कोवाल्योव आठव्या श्रेणीतला आणि नाक पाचव्या, म्हणजे त्याच्याहून वरच्या! म्हणून तर चर्चमध्ये स्वतःच्याच नाकाशी बोलताना त्याची जीभ अडखळते. तेवढा प्रसंग सावकाश वाच, माझा फार लाडका आहे. मग गोगोलचीच ‘ओव्हरकोट’, तिथे हसता हसता डोळे भरून येतात. चेखवच्या सुरुवातीच्या छोट्या कथा त्यानंतर.