देशाने आपल्या सीमेवर भिंत किंवा कुंपण बांधावं का?

प्रश्नाखाली तुम्ही दोन गोष्टी जोडल्या आहेत: "आपण घराला कंपाउंड घालतो, मग देशाला का नको?" आणि "भिंतीला विरोध करणाऱ्यांना घुसखोरी हवी असते का?" दोन्हींकडे येतो. आधी माझं मत सांगून टाकतो. काही ठिकाणी कुंपण जरूर घालावं, सबंध सीमेवर घालू नये. आणि ते कोणाला अडवणार, किती वेळ अडवणार आणि तेवढ्या वेळात तिथे कोण पोहोचणार, हे सरकारला सांगता येत नसेल तर तो खर्च सुरक्षेपेक्षा निवडणुकीसाठी चाललाय असं खुशाल समजावं.

कंपाउंडची तुलना ऐकायला चोख वाटते, पण पहिल्याच पायरीला अडखळते. कंपाउंड प्लॉटच्या हद्दीवर उभं राहतं. देशाचं कुंपण बहुतेक वेळा हद्दीवर नसतंच, ते आपल्याच जमिनीत मागे सरकून उभं असतं. भारत आणि बांगलादेश यांच्यात १९७५ साली ठरलंय की शून्य रेषेपासून, म्हणजे प्रत्यक्ष सीमारेषेपासून, १५० यार्डांच्या आत कोणीही संरक्षणासाठीचं बांधकाम करायचं नाही. कुंपण हे अशा बांधकामातच मोडतं असं बांगलादेशाचं म्हणणं. त्यामुळे भारताचं बरंचसं कुंपण रेषेपासून जवळपास १३७ मीटर आत आहे, आणि जिथे नदी किंवा दलदल आडवी आली तिथे आणखी आत. मधल्या पट्ट्यात शेतं आहेत, काही ठिकाणी अख्खी वस्ती आहे. तिथली माणसं भारताची नागरिक आहेत, मतदान करतात, पण स्वतःच्या देशात यायला त्यांना फाटक लागतं. ते ठरलेल्या वेळी उघडतं, ओळखपत्राची नोंद होते. रात्री कोणी आजारी पडलं तर आधी फाटक उघडून घ्यायचं, मग दवाखाना. पंजाबातही तेच. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथे कुंपण सुरू झालं आणि हजारो एकर शेती तारेपलीकडे राहिली. त्या शेतकऱ्याने कधी जायचं, कधी परतायचं आणि किती उंच वाढणारं पीक लावायचं, हे सीमा सुरक्षा दल ठरवतं.

अमेरिकेत टेक्सासमध्ये हाच प्रकार नदीमुळे होतो. रिओ ग्रांदे हीच सीमा. पुराचं पाणी शेजाऱ्याच्या अंगावर जाईल असं बांधकाम नदीच्या पात्रात करायचं नाही, असा मेक्सिकोशी १९७० चा करार आहे. म्हणून भिंत मागे येऊन पूर अडवणाऱ्या बांधांवरून जाते, आणि लोकांची घरं-शेतं भिंत व नदी यांच्या मध्ये सापडतात.

यातून निघणारी एक गोष्ट भिंतीवरच्या वादात फारशी कोणी बोलत नाही. नदी ओलांडून भिंतीसमोर येऊन उभा राहिलेला माणूस आधीच अमेरिकेच्या भूमीवर असतो. तो लपतछपत आला असेल तर भिंत त्याला थोडी अडवेल. पण गेल्या दहा-बारा वर्षांत तिथे आलेल्यांपैकी मोठा भाग लपायला आलेलाच नव्हता. मुलंबाळं घेऊन नदी ओलांडायची, तिथेच बसायचं, बॉर्डर पेट्रोलची, म्हणजे सीमेवरच्या गस्ती दलाची, गाडी आली की स्वतःहून पुढे होऊन आश्रय मागायचा. अमेरिकी कायद्याप्रमाणे तो अर्ज ऐकावा लागतो. अर्ज लवकर निकाली निघावेत म्हणून न्यायाधीश वाढवणं हा तिथला खरा उपाय. पण न्यायाधीशांपुढे उभं राहून फोटो काढता येत नाही, भिंतीपुढे येतो.

आता कुंपण नेमकं करतं काय? ते वेळ विकत घेतं. यापेक्षा जास्त काही नाही, आणि हेही कमी नाही. अमेरिकेचं बॉर्डर पेट्रोल स्वतःच हिशेब मांडतं तो असा: सीमेला शहर चिकटून असेल तर पलीकडून आलेला माणूस काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत गर्दीत नाहीसा होतो. ग्रामीण भागात त्याला काही तास लागतात, उजाड वाळवंटात काही दिवस. शहरापाशी पाच मिनिटांचा अडथळा म्हणजे पकडला जाणं आणि निसटणं यातला फरक. तिथे कुंपणाचा पैसा वसूल होतो. जिथे माणसाला पुढच्या रस्त्यापर्यंत दोन दिवस चालायचं आहे, तिथे त्याला पाच मिनिटं अडवून काय मिळवलं? तिथे गस्त, हेलिकॉप्टर आणि कॅमेऱ्याचे मनोरे जास्त कामाचे. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत ७०० हून जास्त मैलांच्या भिंतीसाठी सुमारे १५ अब्ज डॉलर बाजूला काढले गेले, म्हणजे मैलाला साधारण दोन कोटी डॉलर. बांधून झालेल्या साडेचारशेहून अधिक मैलांपैकी बहुतेक भाग जुन्या अडथळ्यांच्या जागी आला. त्या पोलादी खांबांना दुकानात मिळणाऱ्या बॅटरीच्या करवतीने भोकं पडली. २०१९ ते २०२१ या तीन आर्थिक वर्षांत अशी कापाकापी ३,२७२ वेळा झाल्याचं दुरुस्तीच्या सरकारी नोंदींतूनच बाहेर आलं. म्हणजे भिंत निरुपयोगी ठरली का? नाही. करवत चालवायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात गस्त पोहोचली तर भिंतीने आपलं काम केलं. पोहोचली नाही तर ते नुसतं महागडं लोखंड.

दुसरा परिणाम म्हणजे वाट बदलते. १९९४ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोला लागून असलेल्या सान दिएगो शहरापाशी 'ऑपरेशन गेटकीपर' सुरू केलं: कुंपण, दिवे, जास्तीचं मनुष्यबळ. त्या वर्षी सान दिएगो विभागात सुमारे साडेचार लाख वेळा लोक पकडले गेले होते, २००२ पर्यंत हा आकडा एक लाखावर आला. दणदणीत यश वाटतं ना? आता ॲरिझोनाचा टुसॉन विभाग बघा. १९९४ मध्ये तिथे जेमतेम १.४ लाख पकडले जायचे, २००० साली सहा लाखांच्या वर गेले. माणसं थांबली नाहीत, वाळवंटाकडे वळली. १९९५ ते २००५ या दहा वर्षांत सीमा ओलांडताना मरणाऱ्यांची संख्या दुप्पट झाली, मुख्यतः उष्णतेने. सान दिएगोच्या रहिवाशांना कुंपणाचा फायदा नक्की झाला, तो मी नाकारत नाही. पण देशाच्या हिशेबात ती वजाबाकी नव्हती, आकडा इकडून तिकडे सरकला होता.

त्यात आणखी एक उलटा परिणाम. आधी मेक्सिकोतले पुरुष हंगामापुरते यायचे, कमावून घरी परतायचे. ओलांडणं महाग आणि जिवावरचं झाल्यावर त्यांनी परत जाणंच सोडलं, उलट बायकामुलांना बोलावून घेतलं. समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. बाहेर ठेवण्यासाठी उभारलेल्या कुंपणाने लोकांना आत अडकवलं, असा त्यांच्या कामाचा मथितार्थ आहे.

युरोपात हीच गोष्ट काही आठवड्यांत घडली. सप्टेंबर २०१५ मध्ये हंगेरीने सर्बियाकडची सुमारे १७५ किलोमीटरची सीमा बंद केली. निर्वासितांचा लोंढा क्रोएशियाकडून येऊ लागला. ऑक्टोबरात ती बाजूही बंद केली, तेव्हा तो स्लोव्हेनियाकडे वळला. हंगेरीपुरतं पाहिलं तर कुंपण यशस्वी, आणि तिथले तेव्हाचे पंतप्रधान ओर्बान यांनी त्याचं राजकीय भांडवलही भरपूर केलं. पण ग्रीसच्या किनाऱ्यावर उतरणारी माणसं २०१५ मधल्या साडेआठ लाखांवरून २०१६ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात आली, ती मुख्यतः मार्च २०१६ मध्ये युरोपीय संघाने तुर्कस्तानशी केलेल्या करारामुळे आणि ग्रीसहून उत्तरेकडे जाणारी बाल्कन वाट एकाच वेळी सगळ्यांनी बंद केल्यामुळे. एकट्या देशाचं कुंपण शेजाऱ्याच्या डोक्यावर ओझं ढकलतं, ते हलकं करत नाही.

यशस्वी कुंपण झालंच नाही असं मात्र नाही. इस्रायल-इजिप्त सीमा हे सगळ्यात स्वच्छ उदाहरण. सिनाईच्या वाळवंटातून आफ्रिकी स्थलांतरित येत होते, २०११ मध्ये सुमारे १७,००० आले. सुमारे २४० किलोमीटरचं कुंपण पूर्ण झाल्यावर २०१३ मध्ये पन्नासही आले नाहीत. कारणं बघण्यासारखी आहेत: सीमा छोटी, भोवती वस्ती नाही, लगतच गस्तीचा रस्ता, लष्कर चोवीस तास हजर, आणि त्याच सुमारास आलेल्यांना दीर्घकाळ स्थानबद्ध ठेवण्याचा कायदाही कडक झालेला. हे सगळं एकत्र जुळलं. हा दाखला देऊन ३,१४५ किलोमीटरच्या अमेरिका-मेक्सिको सीमेचं समर्थन करणारे लोक फक्त कुंपण उचलतात, बाकीच्या गोष्टी तिथेच ठेवून येतात.

आणि याच इस्रायलने डिसेंबर २०२१ मध्ये गाझाभोवती सुमारे ६५ किलोमीटरचा अडथळा पूर्ण केला. जमिनीखाली भुयारं रोखणारी काँक्रीटची भिंत, वर सेन्सर, कॅमेरे, दुरून चालणाऱ्या मशीनगन. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने ड्रोनने कॅमेरे आणि मशीनगन निकामी केल्या, स्फोटकं आणि बुलडोझर वापरून कुंपण अनेक जागी फोडलं आणि सुमारे १,२०० लोक मारले. अडथळा भक्कम आहे या भरवशावर सीमेवरचं सैन्य कमी ठेवलं गेलं होतं. मला कुंपणाचा सगळ्यात मोठा धोका हाच वाटतो. ते बांधलं की पहारेकऱ्याचा डोळा लागतो.

काही गोष्टी कुंपणाला दिसतच नाहीत. रीतसर व्हिसा घेऊन विमानतळावरून आलेला आणि मुदत संपल्यावर राहिलेला माणूस घ्या: २०१० नंतर बरीच वर्षं अमेरिकेत नव्याने बेकायदा ठरणाऱ्यांत अशांचं प्रमाण सीमा ओलांडणाऱ्यांपेक्षा जास्त होतं. तिथे पकडलं जाणारं बहुतेक फेंटानिल हे अमली द्रव्य अधिकृत नाक्यांवर, गाड्यांमध्ये दडवलेलं सापडतं. पंजाबात हेरॉइन आता ड्रोनने येतं, कुंपणाच्या वरून. मेक्सिकोतल्या तिहुआनाहून सान दिएगोकडे गेलेलं, २०२० च्या सुरुवातीला जाहीर झालेलं एक भुयार १,३०० मीटरहून लांब होतं, आत रूळ, वीज, हवेची सोय. आणि फाटकावरचा माणूसच फितूर झाला तर? भारत-बांगलादेश सीमेवरच्या गुरांच्या तस्करीच्या प्रकरणात २०२० मध्ये सीबीआयने सीमा सुरक्षा दलाच्या एका कमांडंटला अटक केली होती. यावर मराठीत म्हण आहे, तुम्हाला ती आठवलीच असेल.

तुमचा दुसरा प्रश्न. भिंतीला विरोध करणाऱ्यांना घुसखोरी हवी असते का? काहींना सीमाच नको असतात, हे खरं. पण अनेक ठिकाणी विरोध येतो तो सीमेवर राहणाऱ्यांकडून. टेक्सासमध्ये भिंतीसाठी जमीन घेताना सरकारशी कोर्टात लढणाऱ्या जमीनमालकांना घुसखोरांचं प्रेम होतं म्हणून ते लढले नाहीत. पोलंडने बेलारूसच्या सीमेवर २०२२ मध्ये १८६ किलोमीटर लांब, साडेपाच मीटर उंच पोलादी भिंत उभारली. ती बियावोव्येझाच्या प्राचीन अरण्यातून जाते, तेव्हा विरोधात पहिल्या फळीत शास्त्रज्ञ होते. युरोपातला गव्यासारखा बायसन आणि लिंक्स हे रानमांजर यांना देश कळत नाहीत. तरी पोलंडची बाजू मला समजते. बेलारूसचं सरकार विमानाने लोक आणून मुद्दाम सीमेवर ढकलत होतं. शेजारचं सरकारच माणसं हत्यारासारखी वापरू लागलं तर कुंपण हा माझ्या मते रास्त प्रतिसाद आहे, फक्त आश्रयाचा अर्ज घेणारी खिडकी त्यात असली पाहिजे.

बर्लिनच्या भिंतीचं नाव अशा चर्चेत हमखास येतं. ती आपलेच लोक आत कोंडायला बांधली होती, म्हणून ते उदाहरण इथे मी वापरत नाही.

भारताने मात्र एक गोष्ट मला पटेल अशी केली. आसामात धुबरीपाशी ब्रह्मपुत्रेचं पात्र दरवर्षी जागा बदलतं, वाळूची बेटं उगवतात आणि बुडतात. तिथे खांब टिकत नाहीत. मग २०१९ मध्ये ६१ किलोमीटरच्या पट्ट्यात कॅमेरे, रडार, सेन्सर आणि ते पाहून लगेच निघणारी पथकं अशी व्यवस्था सुरू केली. दिसायला काहीच नाही, पण आधी जमीन पाहून मग साधन निवडलं.

म्यानमारच्या १,६४३ किलोमीटर सीमेवर कुंपण घालण्याचा २०२४ मध्ये जाहीर झालेला निर्णय मला म्हणूनच सरसकट पटत नाही. डोंगर, घनदाट जंगल, आणि दोन्ही बाजूंना एकाच जमातीची गावं. नागालँडच्या लोंगवा गावात तर प्रमुखाच्या, म्हणजे आंगच्या घरातूनच सीमा जाते. २०२४ पर्यंत तिथले लोक १६ किलोमीटरपर्यंत व्हिसाशिवाय ये-जा करत होते, आणि नागालँड व मिझोरमच्या सरकारांचा कुंपणाला उघड विरोध आहे. मणिपुरात मोरेहसारख्या व्यापारी गावाजवळ, जिथे रस्ता आणि बाजार दोन्ही सीमेला लागून आहेत, कुंपण घाला, माझी हरकत नाही. उरलेल्या डोंगरात मी तो पैसा रस्ते, चौक्या आणि स्थानिकांच्या नोंदणीवर खर्च केला असता. घुसखोर आला तर तो आधी गावकऱ्यालाच दिसणार आहे, आणि त्याने चौकीला कळवावं असं वाटत असेल तर त्याच्या घरातून तार ओढून चालणार नाही.